एक चिमूट बुक्का

कातळोलीच्या लोकांनी डास मारायचं सोडलं, तेव्हाच खरं तर कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. डास गालावर येऊन बसे, माणूस हात उचली, हात अर्ध्या वाटेत मऊ पडे आणि पाहुण्याला वारा घालावा तसा हलून मुकाट मांडीवर परत येई. डास आपला पोटभर जेवून उठे.

त्रिंबकबुवा खांबेटे लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या पायरीवर बसून हे रोज बघत आणि मनाशी म्हणत, ‘नारायणा, कलियुगात सत्ययुग दाखवलंस की रे!’

बुवांचं वय सदुसष्ट. चाळीस वर्षं कीर्तन केलेलं. अंगात पांढरा अंगरखा, कमरेला उपरणं आवळलेलं, हातात झांज, आणि उभे राहिले की समोरच्या माणसाने घरी दूध उतू जातंय हेही विसरावं असा गळा. आख्यान लावायचे ते असं, की रडायच्या जागी बायका रडत आणि बायकांच्या मागे तोंड लपवून पुरुषही. पण गेली बारा वर्षं बुवांनी कीर्तनात युद्ध आणलं नव्हतं, राग आणला नव्हता. तबल्याच्या जागी एक विजेवर वाजणारं खोकं ठेवायचे आणि साधी, गोड, निरुपद्रवी आख्यानं सांगायचे. कारण बारा वर्षांपूर्वी ह्याच देवळात, ह्याच उत्सवात, भर कीर्तनात त्यांनी माणूस मारला होता.

म्हणजे जिवे नव्हे. पण बुवांच्या लेखी फारसा फरक नव्हता.

ते आख्यान भिवा लोहाराचं होतं. बुवांनी स्वतः रचलेलं. भिवाच्या एकुलत्या एका मुलाला एका शिपायाने मारलेलं असतं. पुष्कळ वर्षांनी तोच शिपाई घोड्याचा नाल बसवायला भिवाच्या भट्टीशी येतो. त्याने भिवाला ओळखलेलं नाही, भिवाने मात्र त्याला ओळखलंय. शिपाई घोड्याचा पाय धरून खाली वाकतो, त्याची उघडी मान भिवाच्या समोर, आणि भिवाचा घण वर जातो. इथे बुवा गप्प होत. पेटी थांबे, तबला थांबे. चार आवर्तनं निव्वळ शांतता. सगळं देऊळ त्या घणाकडे बघत श्वास धरून बसे. मग बुवा म्हणत, ‘घण खाली आला, तो लाल लोखंडावर!’ आणि तबल्याची थाप अशी पडे की समयांच्या ज्योती हलत.

त्या दिवशी तबल्यावर नेहमीप्रमाणे दौलत गुरव होता. बुवांचा पंचवीस वर्षांचा साथीदार, धाकट्या भावासारखा. हात रंगात आलेला. बुवा गप्प झाले आणि दौलतला राहवलं नाही. त्या पवित्र शांततेत त्याने एक तिहाई टाकली, एकच बोल तीनदा फिरवून. झकास होती, पण जागा चुकली. तंद्री फुटली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि बुवांचा हात वर गेला, झांजेसकट, तो दौलतच्या भिवईवरच उतरला.

रक्त तबल्याच्या शाईवर पडलं. दौलतने तबला गुंडाळला आणि तो उठून गेला. त्याच्या मागे त्याची चौदा वर्षांची मुलगी कस्तुरी गेली. जाताना तिने एकदाच मागे वळून बुवांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बुवांना सोसला असता. पण पोर नुसती बुचकळ्यात पडली होती. जणू विचारत होती, बुवाकाका, हे तुमच्यातही असतं?

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायलाच की काय, कस्तुरी पुढे मेंदूच्या शास्त्रात शिरली. आणि बारा वर्षांनी गावात परत आली ती कपाळाला चिकटवायच्या पट्ट्यांची खोकी घेऊन.

*

तिने देवळाच्या सभामंडपात गाव गोळा केलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

“आपल्या मेंदूत आत खोल बदामाएवढा एक भाग असतो. कुणी डिवचलं, भीती घातली, अपमान केला, की तिथून एक लाट उठते. ‘मार’ म्हणणारी लाट. ती हातापर्यंत पोचायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. आम्ही हजारो माणसं तपासली. साधू तपासले, कसाई तपासले, आज्या तपासल्या. ज्याला ही लाट येत नाही असा एकही माणूस सापडला नाही.”

“आज्यासुद्धा?” शालिनीकाकूंनी विचारलं. ह्या बुवांच्या पत्नी.

“आज्यांना जरा जास्तच, काकू.”

मंडप हसला. कस्तुरीने एक पट्टी उचलून दाखवली. बोटभर लांब, कातडीच्या रंगाची, मध्ये मोहरीएवढा हिरवा दिवा.

“ही दोन कामं करते. विजेच्या कानाने ती लाट उठताना ऐकते आणि लाट हातापर्यंत जायच्या आत कपाळातून मुंगीच्या चाव्याहूनही हलकी वीज सोडून तिला निजवते. आणि हा जो दिव्याशेजारचा डोळा आहे, तो कपाळाच्या हाडातून उजेड आत सोडून तिथलं रक्त बघतो. वीज बेताने दिली जातेय ना, ह्याची राखण तो करतो. डोळा झाकला गेला तर पट्टी वीज देणं आपोआप थांबवते. नोंद तेवढी चालू राहते. म्हणून एक पथ्य. तीन महिने कपाळाला काही लावायचं नाही. गंध नाही, कुंकू नाही, चंदन नाही. बायकांनी टिकली जरा खाली लावावी.”

प्रयोग सरकारी होता. कातळोलीच्या आकडेवारीवर ठरणार होतं, की ही पट्टी पुढे देशभर तुरुंगांत, शाळांत, कचेऱ्यांत न्यायची की नाही. गावाने हो म्हटलं. पहिली पट्टी लावायला पुढे आले ते त्रिंबकबुवा.

“लाव, पोरी,” ते म्हणाले. “माझ्यातलं जनावर बांधून टाक.”

कस्तुरीने त्यांच्या कपाळावर पट्टी बसवली. तिची बोटं थंड होती. “बुवाकाका, जनावर म्हणू नका. ती एक लाट आहे, इतकंच.”

“तुझ्या बापाला विचार, ती कशी लागते ते.”

तिच्या बापाला विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्याच दिवशी दौलत स्वतःची पट्टी लावून बुवांच्या अंगणात येऊन उभा राहिला. बारा वर्षांत पहिल्यांदा. डाव्या भिवईवर ती आडवी खूण तशीच होती.

“बुवा, यंदा उत्सवाचं शंभरावं वर्ष,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात ना ओल, ना कोरडेपणा. “गाव म्हणतंय, शंभरावं कीर्तन वाजत्या खोक्यावर नको. मी बसेन तुमच्या डाव्या हाताला. पण ही पट्टी तुमच्या कपाळावर असेपर्यंतच. पट्टी गेली की मी गेलो.”

बुवांच्या डोळ्यांना धार लागली. “कबूल, दौलत. देवाशपथ कबूल.”

“आणि आख्यान भिवा लोहाराचंच लावायचं.”

“ते नको रे!”

“तेच,” दौलत म्हणाला आणि निघून गेला.

*

गारपट्टी! गावाने तिला हेच नाव दिलं. आणि खरोखरच गाव गार झालं. बांधावरची भांडणं मिटली. ग्रामसभा पंधरा मिनिटांत आटोपू लागली. पुण्याला गेलेल्या पोरांना घरून फोन येऊ लागले, ते मायेचे. बुवा रोज देवाला दंडवत घालताना म्हणत, माणसाच्या पोटी हिंसा आहे खरी, पण तुझ्या कृपेने तिला औषधही आहे.

मग हळूहळू गंमत सुरू झाली. पारू खारवीण टोपली घेऊन आली की घासाघीसच होईना. शालिनीकाकू म्हणत, “बांगडे द्या बाई तुम्हाला वाटेल त्या भावाने,” आणि पारू म्हणे, “न्या तुम्हाला वाटेल त्या भावाने.” दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहत. शेवटी पारू कंटाळून म्हणाली, “काकू, भांडल्याशिवाय मासा विकला की तो शिळा वाटतो हो!” गावचा कबड्डीचा संघ तालुक्याला जाऊन हरून आला. पकड करायला गेलेला गडी समोरच्याचा पाय धरी आणि सोडून देई. समोरच्याला वाटे, पाया पडतोय. आणि डास तर होतेच.

पण बुवांना पहिला धक्का बसला तो तालमीत.

पेटीवर पोंक्षे मास्तर, तबल्यावर दौलत. बुवांनी आख्यान उचललं. शिपाई आला, घोडा आला, शिपाई वाकला. बुवांनी हात वर केला. “भिवाचा घण वर गेला...” आणि बुवांना स्वतःलाच जाणवलं, की घण काही वर गेला नाही. शब्द गेले, सूरही गेला. पोटातून जे यायचं, बेंबीच्या देठापासून जी ऊब चढायची, ती छातीशी येऊन विझली. चार आवर्तनं शांतता झाली. मग दौलतची थाप पडली, आणि ती थाप नव्हतीच. लोण्याच्या गोळ्यावर बोट टेकवावं तसा काहीतरी आवाज आला.

दौलत आपल्या पंजाकडे बघत राहिला. त्याने पुन्हा हात उचलला, पुन्हा तेच. कुठल्याही थापेच्या आधी हातात एक मार येतो, तोच पट्टी वाटेत निजवत होती.

दारातून शालिनीकाकू म्हणाल्या, “अहो, तुमचा भिवा घण उचलतोय की पापड लाटतोय?”

कुणी हसलं नाही. कस्तुरी मागे बसली होती, तिने नुसतं वहीत काहीतरी लिहिलं.

दौलत गेल्यावर बुवा तिला म्हणाले, “पोरी, एक विचारू? राग आणि थाप एकाच विहिरीचं पाणी आहे का गं?”

“उगम एकच दिसतो, बुवाकाका. पट्टीला दोन्हींतला फरक कळत नाही. दोन दशांश सेकंदांत तिला ठरवावं लागतं, तेव्हा ती सगळंच निजवते.”

“मग शंभरावं कीर्तन असं मऊ भातासारखं व्हायचं?”

“पट्टी काढली तर प्रयोग मोडेल. आणि...” ती थांबली. “आणि बाबा उठून जातील. बारा वर्षं घरात तबला गवसणीत होता, बुवाकाका. आता रोज सकाळी वाजतो. मऊ वाजतो, पण वाजतो.”

बुवांनी त्यानंतर पट्टीचं नाव काढलं नाही. मनात एकदा येऊन गेलं, की ऐन वेळी हळूच कडेने उचलावी, कुणाला कळतंय! पण देवाच्या दारी लबाडी करून शंभर वर्षांचं कीर्तन उभं करायचं, ह्यापेक्षा मऊ भात बरा. भात म्हणजेही नैवेद्यच की.

*

उत्सवाच्या दिवशी दुपारी चारला मंडप भरला. आंब्याच्या डहाळ्या, झेंडूच्या माळा, नव्या सतरंज्या. एकशे चाळीस माणसं आणि एकशे चाळीस हिरवे दिवे. गावाने पथ्य कसोशीने पाळलं होतं. एकाही कपाळाला गंध नव्हतं की चंदन. बायकांच्या टिकल्या भिवयांच्या खाली नाकाच्या शेंड्याकडे निघाल्या होत्या.

बुवांनी पूर्वरंगाला विषय घेतला तोच, जो बारा वर्षं पोटात होता.

“मंडळी, माणूस मुळात मारका आहे का? शास्त्र म्हणतं, आहे. आणि मी तर साक्षीपुरावाच तुमच्यापुढे उभा आहे,” असं म्हणून त्यांनी डावीकडे दौलतला हात जोडले. “ह्या मंडपात मी माझ्या भावाला मारलं. देवाचं नाव घेता घेता मारलं. तेव्हापासून देवाला एकच विचारतोय, की बाबा रे, हा हात तू मला कशाला दिलास?”

मंडप गंभीर झाला, पण गारच राहिला. बुवा तळमळून बोलत होते, लोक समंजसपणे माना हलवत होते. कुणाचा डोळा भरला नाही. पूर्वरंग संपला.

पूर्वरंग आणि उत्तररंग ह्यांच्या मध्ये रिवाज असतो. बुवांना हार घालायचा, त्यांच्या पाया पडायचं आणि बुक्का लावायचा. आधी बुवांना, मग साथीदारांना, मग सगळ्या श्रोत्यांना. नाना पुजारी चांदीची वाटी घेऊन उठले. चिमटीत काळा सुगंधी बुक्का घेऊन त्यांनी बुवांच्या कपाळाच्या ऐन मध्यावर लावला. मग दौलतला. मग ओळीने निघाले. प्रत्येकाने हात जोडून, डोळे मिटून कपाळ पुढे केलं. पारूने केलं, मास्तरांनी केलं, शालिनीकाकूंनी केलं. आणि मांडीवरचं पट्ट्यांच्या नोंदी दाखवणारं यंत्र पिशवीत सारून, लहानपणीच्या सवयीने अलगद मान वाकवून, खुद्द डॉक्टर कस्तुरी गुरव हिनेही केलं.

कुणाच्याही मनात आलं नाही. कसं येणार? पथ्य होतं काही ‘लावायचं’ नाही असं. गंध लावतात, कुंकू लावतात. बुक्का हा तर प्रसाद. प्रसाद कुणी लावतं होय? तो मिळतो.

उत्तररंग सुरू झाला. बुवांनी ‘एके गावी भिवा नावाचा लोहार’ म्हटलं, आणि दौलतची पहिली थाप पडली.

समयांच्या ज्योती हलल्या.

बुवांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ही थाप! पुढचं वाक्य त्यांच्या गळ्यातून निघालं ते बारा वर्षांचं बूच उडाल्यासारखं. भट्टी पेटली. भात्याचा श्वास मंडपात घुमू लागला. भिवाचं पोर खेळता खेळता शिपायाच्या भाल्याखाली आलं, तेव्हा बायकांच्या ओळीतून हुंदका फुटला आणि मागच्या एका तरण्या गड्याने दात ओठ खाऊन मूठ आवळली. नारायणा, नारायणा! हे काय आज! देवानेच हात लावला म्हणायचा, बुवांना वाटलं, शंभरावं वर्ष आहे, देवाला काळजी.

मधेच त्यांना दिसलं, की पुढच्या ओळीत बसलेल्या कस्तुरीने आपल्या दंडावर फाट्कन हात मारला. मग तळहाताकडे बघितलं. मग घाईघाईने पिशवीतून यंत्र काढलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. अर्धवट उठून ती दौलतला खुणा करू लागली. दौलतने तिच्याकडे पाहिलं, वाजवता वाजवताच मान हलवली, नको म्हणून. ती बसली. बुवांना काही कळेना. पण घोडा दारात आला होता, थांबायला वेळ नव्हता.

शिपाई वाकला. मान उघडी पडली.

“आणि भिवाचा घण वर गेला!”

बुवांचा झांजेचा हात वर गेला आणि ते गप्प झाले. पेटी थांबली, तबला थांबला. एकशे चाळीस माणसांचे श्वास त्या हाताला टांगले गेले. एक आवर्तन. दुसरं.

तिसऱ्या आवर्तनात दौलतने तिहाई टाकली.

तीच. तिथेच. बारा वर्षांपूर्वीची, बोल न बोल तोच.

मंडपातून ‘अगं बाई’ असा एक दबका आवाज उठला. आणि बुवांच्या बेंबीपासून ती निघाली. ओळखीची, उकळती, छाती जाळत खांद्यात, खांद्यातून दंडात. हात वर होताच. खाली दौलतची भिवई होती, भिवईवर खूण, खुणेशेजारी बुक्का. बुवा मनात म्हणाले, ‘आता पट्टी निजवील. आता गार होईल.’ आणि वाट बघू लागले.

गार काही झालं नाही. हात तापलेलाच राहिला. एक मात्रा गेली. दुसरी गेली. बुवा वाट बघतच होते, आणि त्या वाट बघण्यात, त्या लाटेच्या मागून, हळूच दुसरं काहीतरी आलं. ते गार नव्हतं. तेही तितकंच ऊन होतं, पण आईच्या हातासारखं. ते दंडापर्यंत आलं आणि त्याने नुसता हात धरला. बुवांनी खाली पाहिलं. दौलत वर बघत होता. मान जराही न हलवता, डोळे मोठे करून, पैज लावल्यासारखा.

आणि बुवांना हसू आलं. भर कीर्तनात, घण वर असताना!

“तो खाली आला,” ते गरजले, “लाल लोखंडावर!”

झांज झांजेवर आदळली, त्याच क्षणी दौलतची थाप पडली, आणि अशी सम आली की नाना पुजाऱ्यांच्या हातची वाटी उडाली. मंडप उठून उभा राहिला. कोण रडतंय, कोण टाळ्या पिटतंय, काही समजेना. बुवा तबल्यावर ओणवे होऊन दौलतच्या गळ्यात पडले होते आणि पोंक्षे मास्तर एकटेच, डोळे पुसत, पेटीवर भैरवी धरून बसले होते.

*

आरती झाली, पळसाच्या द्रोणांतून शिरा वाटला गेला. तिन्हीसांजेचा तांबूस उजेड पायरीवर होता. बुवा आणि दौलत शेजारी शेजारी बसले होते, तेव्हा कस्तुरी यंत्र छातीशी धरून समोर येऊन बसली.

“बुवाकाका, तुमची पट्टी बंद होती.”

बुवांनी शिऱ्याचा घास खाली ठेवला. “कधीपासून?”

“बुक्क्यापासून. सगळ्यांचीच. बुक्का म्हणजे कोळशाची पूड, उजेड पिऊन टाकते. डोळे झाकले, वीज थांबली. आणि मीही मूर्खासारखं कपाळ पुढे केलं!”

“म्हणजे मी... दौलतवर हात उगारला, तेव्हा...” त्यांनी दौलतकडे वळून पाहिलं. “अरे, तुला काही झालं असतं तर? तुझी अट होती!”

दौलत शांतपणे द्रोण चाटत होता. “मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“पहिली थाप पडली तेव्हाच कळलं. तीन महिने हाताला धग नव्हती, ती एकदम आली. तुमच्या कपाळाकडे बघितलं तर बुक्क्याचा हा एवढा डाग. म्हटलं, बुवा मोकळे आहेत.”

“आणि तरी तिहाई टाकलीस?”

“म्हणून तर टाकली.” दौलतने द्रोण खाली ठेवला. त्याचा आवाज जरा जड झाला. “पट्टी तुमच्या कपाळावर असताना तुम्ही मला मारलं नसतं, तर मला काय कळणार होतं, बुवा? ते पट्टीचं पुण्य. मला तुमचं बघायचं होतं.”

मग कस्तुरी बोलली, आणि बोलता बोलता तिचा आवाज लहानपणीसारखा चढत गेला.

“वीज थांबली तरी नोंद चालू होती ना. हे बघा. ही बुवाकाकांची ‘मार’ लाट, केवढी उंच! आणि ही बघा, तिच्या मागून दुसरी. कपाळाच्या पुढच्या भागातून. आवरणारी. पहिलीइतकीच उंच, फक्त दोन मात्रा उशिरा. आणि एकट्या तुमच्यात नाही. घण वर होता तेव्हा सगळ्या मंडपात पहिली लाट होती, आणि सगळ्यांत, एकूण एक माणसात, दुसरी आली. सगळ्यांची एकाच वेळी, समेवर आल्यासारखी. आम्हाला ती कधी दिसलीच नव्हती, बुवाकाका! खोलीत एकेकट्याला बसवून तपासलं, तिथे ती इतकी बारीक असायची की आम्ही तिला खरखर समजून पुसून टाकायचो. आणि पट्टी तर पहिलीला इतक्या घाईने निजवते, की दुसरीला जन्मच घेता येत नाही. तीन महिने आम्ही हिंसा नव्हतो थांबवत. आम्ही थांबणंच थांबवलं होतं.”

बुवा त्या दोन रेघांकडे बघत राहिले. एक उसळलेली, दुसरी तिच्या पाठोपाठ, जत्रेत थोरल्याचा सदरा धरून चालणाऱ्या धाकट्यासारखी.

“म्हणजे तीही उपजतच?”

“उपजतच. साधूंची, कसायांची, आज्यांचीही पुन्हा बघणार आहे मी. चारचौघांत बसवून.”

“आणि मग त्या दिवशी, बारा वर्षांपूर्वी, ही धाकटी कुठे गेली होती गं?”

कस्तुरीने जरा विचार केला. “आली असेल, बुवाकाका. तुम्ही तिच्यासाठी थांबला नाहीत.”

ते खरं होतं, आणि लागायचं तिथे लागलंही. पण बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या दुखण्याला तळ सापडला. बुवांनी डोळे मिटले आणि तिथल्या तिथे, मांडीवर ताल धरून गुणगुणायला लागले:

मारणारा हात । आवरणारा हात ।
जुळे एका घरात । जन्मा आले ॥
थोरला तो धावे । धाकटा मागून ।
घ्यावे त्यासी जाणून । थांबोनिया ॥

दौलतने पायरीच्या दगडावर बोटांनी ठेका दिला. शालिनीकाकू पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “इतकं कळायला बारा वर्षं आणि सरकारी यंत्र लागलं. मला विचारलं असतंत, लग्नापासून आवरतेय मी!”

कस्तुरी हसली, मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “पण समितीला अहवाल काय लिहू? प्रयोग बुक्क्याने मोडला म्हणून?”

“लिही की,” बुवा म्हणाले. त्यांनी कपाळावरची पट्टी सोलून काढली, काळी झालेली, आणि तिच्या हातावर ठेवली. मग दौलतकडे बघून थांबले. ‘पट्टी गेली की मी गेलो’ ही अट अजून उठलेली नव्हती. ती दौलतची होती.

दौलतने बुवांच्या उघड्या कपाळाकडे पाहिलं. पट्टीच्या जागी पांढरी आडवी खूण उमटली होती, थेट त्याच्या भिवईवरल्यासारखी. त्याने आपलीही पट्टी काढली. मग एकदम त्याचा डावा हात उठला आणि बुवांच्या टकलावर असा सणसणीत पडला, की पायरीवरचे कावळे उडाले.

सगळे जागच्या जागी थिजले. शालिनीकाकूंच्या हातून द्रोण सुटला. बुवा टाळू धरून बसले होते. लाट आली होती. ते थांबले. धाकटा आला.

“हा काय प्रकार, दौलत?”

दौलतने तळहात पुढे केला. मधोमध एक ठिपका होता.

“डास होता, बुवा.”

बुवांनी चष्मा वर करून तो हात निरखून बघितला, उलटा केला, सुलटा केला.

“मेला?”

“मेला.”

“थाप समेवर होती,” बुवा म्हणाले. “उद्या समारोपाच्या लळिताच्या कीर्तनाला तबला लवकर लावून ठेव.”